वनातील कर्बवायूचा दैनिक चढउतार आणि एक मराठी वाक्य

'झाडे दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री कर्बवायू सोडतात' हे वाक्य मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांच्या तोंडी असते. शाळेत शिकलेले पुष्कळ काही विस्मरणात गेले तरी एवढे टिकून राहते, आणि रात्री झाडाखाली निजू नये या जुन्या निषेधाचे 'शास्त्रीय कारण' म्हणून ते वेळोवेळी पुढे केले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. वनाच्या पर्णछत्रात, म्हणजे जमिनीपासून शेंड्यांपर्यंतच्या झाडोऱ्यात, चोवीस तासांच्या अवधीत कर्बवायूचे प्रमाण कसे व का बदलते हे सांगणे, हा पहिला. वरील वाक्याची घडण ही प्रक्रिया समजून घेण्याच्या आड कशी येते हे दाखविणे, हा दुसरा. वायूंच्या चर्चेत भाषाशास्त्राच्या अध्यापकाने का पडावे, असे कोणी विचारील. परंतु येथे गैरसमजाचे मूळ वायूंच्या गुणधर्मांपेक्षा वाक्यरचनेत अधिक आहे, असे माझे मत आहे.

परिमाणाविषयी आरंभीच सांगणे इष्ट. हवेच्या दहा लाख रेणूंत कर्बवायूचे, म्हणजेच कार्बन डायऑक्साइडचे, रेणू किती, या हिशेबाने त्याचे प्रमाण मोजतात. पुढे 'भाग' हा शब्द याच अर्थाने योजला आहे. १९५८ मध्ये मोकळ्या हवेत हे प्रमाण सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० भागांच्या वर गेले आहे.

जगातील वाढत्या कर्बवायूची ही सुप्रसिद्ध मोजणी ज्यांच्यापासून सुरू झाली त्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांचा आरंभ एका अरण्यात झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे संशोधन करीत असता नद्या-ओढ्यांच्या पाण्यातील कर्बवायू आणि भोवतालच्या हवेतील कर्बवायू यांचा तोल कसा राहतो, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला होता. त्यासाठी १९५५ मध्ये ते बिग सर येथील रेडवुड वृक्षांच्या राखीव वनात जाऊन राहिले. निर्वात केलेल्या काचेच्या चंबूत दर काही तासांनी, रात्रीसुद्धा उठून, ते हवा भरून घेत. प्रयोगशाळेत मोजणी झाल्यावर असे दिसले की रात्रीचे आकडे चढे व अनिश्चित आहेत, दुपारचे मात्र ठिकाण बदलले तरी सुमारे ३१० भागांशी येऊन थांबतात. कर्बाच्या जड व हलक्या समस्थानिकांचे गुणोत्तर तपासता, रात्री वाढलेला वायू वनस्पती व माती यांच्याच श्वसनातून आलेला आहे हेही उघड झाले. दुपारच्या त्या स्थिर आकड्याने कीलिंग यांचे लक्ष वेधून घेतले, आणि मार्च १९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर त्यांची अखंड मोजणी सुरू झाली. पुढील सारी कीर्ती दुपारच्या आकड्याला मिळाली. आपणास येथे रात्रीच्या आकड्याचा विचार करावयाचा आहे.

दुपार विश्वासार्ह का, याचे उत्तर कोकणातील माणसाला त्याच्याच शब्दांत देता येते. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. पनवेल-उरण रस्त्यावरील जासई हे गाव उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या एका अंगास खाडी आणि तिवरांची झाडी आहे. दुसऱ्या अंगास टेकड्या आहेत. दक्षिणेकडे चिरनेरचे, १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे ओळखले जाणारे रान, आणि पूर्वेकडे आणखी आत गेल्यावर पनवेल तालुक्यातील कर्नाळ्याचे पानझडी जंगल लागते. दुपारी जासईला जी हवा येते ती समुद्रावर दूरवर घुसळून एकजीव झालेली असते; तिच्यात स्थानिक झाडांचा वा मातीचा हात फारसा नसतो. रात्री उलट होते. टेकड्यांवरून व रानातून संथपणे उतरणारी हवा रात्रभरचा तेथील हिशेब घेऊन खाडीकडे येते. गोव्यात काणकोण तालुक्यातील काब द राम येथे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९९३ पासून हवेचे नमुने घेण्यास आरंभ केला, तेव्हा ते समुद्रावरून वारा येत असता घेण्यामागे हेच कारण होते. ज्याला साऱ्या अरबी समुद्राच्या हवेचा अंदाज हवा त्याने खारे वारे मोजावे, आणि ज्याला रानाचा श्वास ऐकावयाचा आहे त्याने मतलई वारे मोजावे, असे म्हणता येईल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर अशीच मोजणी चालविली आहे; उंचावर असल्यामुळे खालच्या खोऱ्यात रात्री साचणाऱ्या हवेपासून ती जागा पुष्कळशी अलग राहते.

आता रानाच्या आत जाऊ. पाऊस संपून आकाश निवळले आहे, माती ओली आहे, झाडे भरगच्च पानांनी डवरलेली आहेत असा आश्विन-कार्तिकातील दिवस कल्पावा. पहाटे, सूर्योदयाच्या थोडे आधी, पर्णछत्राच्या आतील कर्बवायू सर्वाधिक असतो. जमिनीलगत तो ५०० भागांच्या आसपास वा त्याहून वर असू शकतो, आणि जसजसे शेंड्याकडे जावे तसतसा तो कमी होत जातो. सूर्य उगवताच दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडू लागतात. पानांची रंध्रे उघडून प्रकाशसंश्लेषण सुरू होते, आणि ऊन लागलेली हवा वर उठू लागून रात्रभर स्थिर असलेले थर मोडतात. पहिल्या क्रियेने वायू खाल्ला जातो, दुसरीने तो वर उधळला जातो. म्हणून शेंड्यांच्या वर लावलेल्या यंत्राला सकाळी काही काळ एक विचित्र दृश्य दिसते: झाडे वायू शोषू लागली असताही वर येणारा वायू वाढतो. तो त्या घटकेचा नसून आदल्या रात्रीची साठलेली शिल्लक असते.

दहा-अकरा वाजेपर्यंत ही शिल्लक संपते. भर दुपारी, जेथे पाने सर्वांत दाट व उजेड सर्वांत अधिक त्या वरच्या थरात, कर्बवायू बाहेरच्या मोकळ्या हवेपेक्षा काही भागांनी, फार तर दहा-वीस भागांनी, उतरलेला असतो. जमिनीलगत मात्र दुपारीही तो किंचित चढाच राहतो, कारण माती दिवसा आपले काम थांबवीत नाही. सायंकाळी ऊन तिरपे होते, वारा पडतो आणि आलेख पुन्हा वर वळतो.

येथे जिज्ञासू विद्यार्थ्याने थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. रानात दिवसा होणारे शोषण रात्रीच्या उत्सर्जनापेक्षा पुष्कळ वेगवान असते. मग दुपारची घट दहा-वीस भागांची आणि रात्रीची वाढ शंभर भागांहून अधिक, हे कसे? साध्या अंकगणिताने त्याचा उलगडा होतो. दहा मीटर उंचीच्या रानातील एक चौरस मीटर जमीन घेतली तर तिच्यावर १० घनमीटर हवा येते, आणि तिच्यात सुमारे साडेसात ग्रॅम कर्बवायू असतो. दमट, उबदार रानात माती, खोडे व पाने मिळून रात्री ताशी एका ग्रॅमच्या आसपास वायू सोडतात असे धरू. रानावर घट्ट झाकण असते तर प्रमाण ताशी पन्नासाहून अधिक भागांनी चढले असते आणि पहाटेपर्यंत ते हजाराच्या घरात गेले असते. प्रत्यक्षात ते तितके चढत नाही. म्हणजे शांत रात्रीही पुष्कळसा वायू निसटून जातो. आता दुपार पाहू. भर उन्हात तेच रान ताशी तीन ग्रॅमच्या आसपास वायू शोषू शकते. झाकण असते तर आतील साडेसात ग्रॅम अडीच तासांत संपून झाडे उपाशी पडली असती. तसे होत नाही, कारण दुपारी तापलेली हवा सारखी वरखाली घुसळली जाते आणि खाल्लेला वायू बाहेरून तत्काळ भरून येतो. तात्पर्य, प्रमाणाचा आलेख झाडांच्या क्रियेचा आलेख नव्हे. झाडे व माती यांची देवघेव आणि हवेचे हलणे वा न हलणे, या दोहोंचा तो मिळून आलेख आहे, आणि रात्रीच्या बाजूस हवेचे न हलणेच अधिक बोलते.

हवा रात्री का हलत नाही याविषयी एक चुकीची समजूत सुशिक्षितांतही आढळते: कर्बवायू हवेपेक्षा जड, म्हणून तो तळाशी बसतो. शुद्ध कर्बवायू जड आहे यात शंका नाही. परंतु हवेत २०० भाग जादा मिसळल्याने तिची घनता अवघी दहा हजारांत एक एवढी वाढते. उलट तीच हवा एक अंश सेल्सिअसने थंड झाली तर घनता त्याच्या तीसपट वाढते. रात्री तळाला बसते ती थंड हवा. कर्बवायू तिच्यासोबत अडकून राहतो इतकेच. उतारावरील रानात ही थंड हवा ओढ्याच्या वाटेने खाली सरकते आणि खोलगट जागी जमते, तेव्हा तेथील आकडा त्या जागेच्या झाडांशी मेळ खात नाही. जासईसारख्या ठिकाणी तर आणखी एक गुंता आहे. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यापासून या पट्ट्यात अवजड वाहनांची अहोरात्र ये-जा आहे, आणि त्यांचा धूर रात्री त्याच झाकणाखाली कोंडला जातो. मातीतून आलेला कर्बवायू आणि डिझेलमधून आलेला कर्बवायू यांत नुसत्या प्रमाणावरून भेद करता येत नाही. परंतु खनिज इंधनात किरणोत्सर्गी कर्ब-१४ उरलेला नसतो, त्यामुळे समस्थानिकांच्या तपासणीने तो करता येतो.

एवढ्या पार्श्वभूमीवर आरंभीच्या वाक्याकडे वळू. त्यात दोन कालवाचक पदे आहेत, दोन कर्मे आहेत, आणि 'सोडतात' हे एकच क्रियापद दोहोंकडे आहे. अशा समांतर रचनेत मराठी श्रोता अर्थाची एक जादा ओळ आपल्या पदरची घालतो. 'तो सकाळी शाळेत जातो आणि संध्याकाळी दुकानात जातो' असे ऐकले की संध्याकाळी तो शाळेत नसतो हे न सांगता कळते. त्याच न्यायाने 'झाडे रात्री कर्बवायू सोडतात' यातून 'दिवसा सोडीत नाहीत' असा अर्थ निघतो. वस्तुतः श्वसन अहोरात्र चालते. दिवसा त्याच्या कैक पटीने शोषण होत असल्यामुळे ते झाकले जाते. दुसरे असे की, दिवसाची मुख्य घटना, म्हणजे कर्बवायूचे शोषण, या वाक्यात आलेलीच नाही. 'सोडणे' या क्रियापदाने समतोल साधण्यासाठी 'घेणे' गाळले गेले आहे. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट कर्त्याची. वाक्याचा कर्ता 'झाडे' आहे. परंतु बहुतेक रानांत रात्रीच्या वायूचा अर्ध्याहून अधिक वाटा मातीचा, म्हणजे मुळे, बुरशी, जीवाणू व कुजणारा पालापाचोळा यांचा असतो. आणि तो साठून राहण्याचे श्रेय तर कोणत्याच सजीवाचे नाही. 'सोडणे' हे सकर्मक क्रियापद कर्ता मागते, आणि डोळ्यांसमोर उभे असलेले झाड त्या जागी जाऊन बसते.

'श्वास' या शब्दाचाही थोडा दोष आहे. मराठी भाषकाच्या मनात श्वास म्हणजे छातीचा भाता. पेशींत अहर्निश चालणाऱ्या रासायनिक क्रियेस 'श्वसन' आणि हवा आत-बाहेर करण्यास 'श्वासोच्छ्वास' असा भेद परिभाषेने केला आहे. तो योग्यही आहे. पण बोलण्यात 'झाडे रात्री श्वास घेतात' असे म्हटले की तो भेद वाहून जातो. अर्थात मराठी भाषेमुळे ही चूक झाली असे म्हणणे अतिरेकाचे होईल. इंग्रजीतही याच घडणीचे वाक्य प्रचलित आहे आणि तेथेही तोच गैरसमज आहे. उलट मराठीजवळ या प्रसंगी नेमका शब्द तयार आहे: 'कोंदणे'. बंद खोलीत हवा कोंदते, धूर कोंदतो. कोंदणारा पदार्थ कोठून आला हे ते क्रियापद सांगत नाही आणि जागा मोकळी नाही हे मात्र सांगते. 'वारा पडल्यावर रानात कर्बवायू कोंदतो' हे वाक्य पाठ्यपुस्तकात गेले तर कर्त्याची अडचण उरत नाही, आणि विद्यार्थी आपण होऊन विचारील की तो येतो कोठून.

झाडाखाली न निजण्याच्या निषेधाविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. पिंपळावर मुंजा असतो ही समजूत सर्वांना परिचित आहे. गेल्या काही पिढ्यांत मुंजाच्या जागी कर्बवायू आला. पण वाक्याची घडण बदलली नाही. झाडावर राहणारे काहीतरी रात्री निजणाऱ्याला अपाय करते, ही चौकट तीच राहिली. आकड्यांनी या स्पष्टीकरणाला आधार मिळत नाही. दोनशे चौरस मीटर पाने असलेले झाड रात्री ताशी वीस-तीस ग्रॅम कर्बवायू सोडील असा स्थूल अंदाज करता येतो. झोपलेला एक माणूसही जवळजवळ तितकाच सोडतो. त्या झाडाखालच्या मातीचा वाटा पानांपेक्षा अधिक भरेल. एवढे सर्व मिळूनही उघड्यावरचे प्रमाण काहीशे भागांनी वाढते. दारे-खिडक्या लावून दोघे-तिघे निजलेल्या खोलीत पहाटेपर्यंत हजार-दोन हजार भाग होणे सामान्य आहे, आणि कारखान्यांतील आठ तासांच्या कामासाठी ५,००० भागांपर्यंतची मर्यादा अनेक देशांनी मान्य केली आहे. तेव्हा ज्याला कर्बवायूचे भय वाटते त्याने घरातून उठून झाडाखाली जावे हेच तर्काला धरून होईल! निषेधाची खरी कारणे साप, विंचू, पडणाऱ्या फांद्या, दहिवर अशी काहीही असू शकतील. लोकसमजुतीच्या अभ्यासकाने ती स्वतंत्रपणे शोधावी. पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो, या उलट टोकाच्या समजुतीसही आधार नाही. प्रकाशसंश्लेषणातील प्राणवायू पाण्याच्या विघटनातून येतो आणि त्या विघटनाला प्रकाश लागतो. काही वनस्पती रात्री रंध्रे उघडून कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवितात हे खरे. परंतु प्राणवायू त्याही दिवसाच सोडतात.

हा विषय केवळ शब्दांचा नाही. एखादे रान वर्षाकाठी किती कर्ब साठविते, याचा हिशेब आता राष्ट्रीय धोरणाचा भाग झाला आहे. त्यासाठी शेंड्यांच्या वर मनोरे उभारून, वर जाणाऱ्या व खाली येणाऱ्या हवेच्या झुळकांतील कर्बवायू सेकंदाला अनेक वेळा मोजतात. महाराष्ट्राच्या सीमेलगत, मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या बैतुल जिल्ह्यात, सागाच्या मिश्र पानझडी वनात राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने असा मनोरा उभारला आहे. ही पद्धत हवा हलत असता उत्तम चालते. रात्री हवा पडली की वायू मनोऱ्याच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. तो खाली कोंदतो किंवा उताराने निघून जातो. यंत्र म्हणते, उत्सर्जन अल्प आहे. त्यावर भिस्त ठेवली तर रानाचा खर्च कमी दिसतो आणि शिल्लक फुगते. म्हणून मनोऱ्यावर जमिनीपासून वरपर्यंत निरनिराळ्या उंचीवर प्रमाण मोजून आत साठलेला वायू हिशेबात धरावा लागतो, आणि फारच शांत रात्रींचे आकडे बाजूस ठेवून त्या जागी वाऱ्याच्या रात्रींवरून काढलेले अंदाज घालावे लागतात. सागाच्या बाबतीत ऋतूचाही विचार हवा. उन्हाळ्यात पाने झडलेली असता दिवसाचे शोषण अत्यल्प होते, माती कोरडी असल्याने रात्रीचे उत्सर्जनही मंद असते, आणि आलेख सपाट होतो. मग मृगाची पहिली सर येते. कोरडी माती भिजताच सूक्ष्मजीव एकदम जागे होऊन तिच्यातून कर्बवायूचा लोंढा बाहेर पडतो. पूर्व आफ्रिकेतील मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये या घटनेचे वर्णन केले, आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. पाने अद्याप फुटलेली नसल्यामुळे त्या दिवसांत रान घेते थोडे आणि देते फार.

खाडीकाठच्या तिवरांत हा हिशेब आणखी निराळा होतो. तेथे चिखलातून निघणारा कर्बवायू ओहोटीच्या वेळी सरळ हवेत येतो. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, वायूचा पुष्कळसा अंश पाण्यात विरघळतो आणि ओहोटीबरोबर खाडीतून समुद्राकडे वाहून जातो. सुंदरबनात व तमिळनाडूतील पिचावरम येथे अशा वनांत मनोरे उभे आहेत. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे, एका पंधरवड्यात रात्रीचा आकडा चढा असेल तर पुढच्या काही दिवसांत, वारा व तापमान तेच असूनही, तो उतरलेला आढळू शकतो. जासईच्या खाडीकाठी मोजणी करणाऱ्यास घड्याळाइतकेच पंचांगही जवळ ठेवावे लागेल, आणि प्रत्येक आकड्यापुढे तासाबरोबर तिथीही लिहावी लागेल.